ठेका मुलांचा, साथ ताईंची

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात डफली द्या आणि 'वाजव' एवढंच म्हणा. त्याचा हात बहुतेक वेळा मिनिटाला १२० ते १५० ठोक्यांच्या आसपास चालतो. मोठ्या माणसाचा हात मात्र आपोआप शंभराच्या जवळपास स्थिरावतो. बालवाडीतल्या संगीत आणि हालचालींच्या तासात जे बिघडतं, त्यातलं पुष्कळसं या एका फरकामुळे बिघडतं. ताई आपल्या सोयीच्या लयीत टाळ्या वाजवतात. मुलं कधी पुढे पळतात, कधी मध्येच हात सोडून देतात, आणि मग मुलांना तालाची समज नाही असा शेरा पडतो. समज असते, पण चाललेली लय त्यांची नसते.

सोलापुरात अंगणवाडी असो, वस्तीतली बालवाडी असो की खासगी शाळेची ज्युनिअर केजी, वेळापत्रकात हा तास साधारण 'गाणी' या नावाने असतो. प्रत्यक्षात त्यात पाच कामं असतात: गाणं म्हणणं, ठेका धरणं, ठेक्यावर फिरणं, थांबणं आणि ऐकणं. पहिल्या कामावरच बहुतेक ठिकाणी सगळा वेळ जातो. थांबणं आणि ऐकणं कुणी शिकवतच नाही, आणि खरी मेहनत तिथेच लागते.

ताल आधी शरीरात यावा आणि मग डोक्यात, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांनी आपल्या विद्यार्थ्यांना वाद्यापासून उठवून चालायला लावलं, कारण ते सूर बरोबर वाजवत पण लय त्यांच्या अंगात नव्हती. पुढे हंगेरीत कोदाय आणि जर्मनीत ऑर्फ या संगीतकारांनी लहान मुलांसाठी आपापल्या पद्धती घडवल्या. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं. महागडी परदेशी साधनं नकोत, परिसरात जे मिळेल त्यातून शिकवा, हा त्यांचा आग्रह या तासाला आजही तंतोतंत लागू पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे खेळातून शिकणं आता कागदावरही आलं आहे.

मुलाला काय येतं, काय येत नाही

नवजात बाळांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या तेव्हा दिसलं की ठेक्यातली सम, म्हणजे पहिला ठोका, गाळली तर झोपलेल्या बाळाच्या मेंदूलाही ते जाणवतं. हा प्रयोग २००९ सालचा. त्याआधी २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच संदिग्ध ठेका ऐकवला गेला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर बाळांनी तोच ठेका जास्त वेळ ऐकला जो त्यांना झुलवलेल्या मोजणीशी जुळत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर केहरवा (दोन-दोनच्या मोजणीचा) की दादरा (तीन-तीनचा) हे बाळाने कानाने नव्हे, अंगाने ठरवलं. मांडीवर घेऊन झुलवणारी आजी हेच करत असते.

ऐकण्याची समज अशी लवकर येते. हातपाय तिच्याशी जुळायला मात्र वर्षं लागतात. दोन वर्षांचं मूल गाणं लागलं की डोलतं, पण ठोक्यावर डोलत नाही. दोन्ही पायांनी उडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास जमते. एका पायावर उभं राहणं तिसऱ्या वर्षी सेकंद-दोन सेकंद, चौथ्या वर्षी पाचेक सेकंद. लंगडी चार वर्षांच्या आसपास सुरू होते. एक पाऊल टाकून त्याच पायावर उडी, मग दुसरं पाऊल, हा प्रकार पाच-सहा वर्षांशिवाय नीट येत नाही.

आता 'हत्तीची चाल' घ्या. सावकाश, डुलत चालायचं म्हणून ती सोपी समजून लहान गटाला पहिल्याच आठवड्यात दिली जाते. पण सावकाश चालताना प्रत्येक पावलाला शरीर जास्त वेळ एका पायावर तोलावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, म्हणून ते धावतं किंवा पडतं. आधी भरभर, मग मध्यम, आणि हत्ती चार वर्षांनंतर. लहानांना उंदीर द्या.

लय पकडायची कशी

मुलांना आधी वाद्याशिवाय मोकळं चालू द्या. एका मुलाच्या पावलांकडे बघा. पाऊल जमिनीला टेकेल तेव्हा डफलीवर थाप, डावं-उजवं प्रत्येकाला एक. दहा-बारा पावलांत त्या मुलाला कळतं की ताई आपल्याला साथ देतेय, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. तोच वेग धरून ठेवा आणि बाकीच्यांना त्यात येऊ द्या. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं, ॲप असेल तर वेग पाहून घ्या, पण मुलांना तो आवाज ऐकवू नका. एका लयीत सगळे मिनिटभर चालले की मग थोडं हळू, मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी कमी. एकदम निम्म्यावर आणलं तर धागा तुटतो.

ही साथ स्पीकरला देता येत नाही. जर्मनीतल्या लायपझिगच्या संशोधकांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलकं वाजवायला दिलं, कधी समोर बसलेल्या माणसाबरोबर, कधी वाजवणाऱ्या यंत्राबरोबर, कधी नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर. माणसाबरोबर मुलं जास्त अचूक वाजवत होती. समोरचा माणूस दिसतो, तो आपल्याबरोबर काहीतरी करतोय हे मुलाला कळतं, आणि मूल त्याच्याशी जुळवून घेतं. म्हणून ज्यांना आपला गळा गोड वाटत नाही अशा ताईंनीही ब्लूटूथ स्पीकर बाजूला ठेवून स्वतः गावं. मुलांना गोड गळ्यापेक्षा समोर बसलेली ताई जास्त उपयोगाची असते.

गळ्यावरून पट्टीचा प्रश्न येतो. बायका सहसा पेटीवरच्या खालच्या काळी चार-पाचच्या आसपास सा धरून गातात. त्या पट्टीत मुलांचा आवाज पोचत नाही, मग ती पुटपुटतात किंवा ओरडतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा सोयीचा पट्टा पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत आहे. सा पांढरी दोनवर धरला आणि गाणं सा ते प या पाच सुरांत ठेवलं की ते बरोबर या पट्ट्यात बसतं. पेटी नसेल तर मोबाइलवरच्या कीबोर्डवर 'डी'ची पट्टी दाबून सूर घ्या. ताईंना सुरुवातीला हे उंच वाटेल, पण आठवडाभरात सवय होते. मुलं हाका मारतात, एकमेकांना चिडवतात, तो सूर पुष्कळदा प वरून ग वर उतरतो. नावाची हाक याच दोन सुरांत घ्या, पहिल्या दिवसापासून उत्तर येतं. दीड सप्तकात फिरणारं सिनेमातलं गाणं या वयाच्या गळ्यासाठी नाही.

अर्ध्या तासाचा तास

दहा-बारा मुलं, तीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा तरी. एकदाच तासभर घेण्यापेक्षा हे चांगलं. जागा मुलामागे वीस-पंचवीस चौरस फूट हवी. खोली लहान असेल तर निम्मी मुलं कडेला बसून मांडीवर ठेका धरतील, निम्मी फिरतील, मग अदलाबदल. शहाबादी फरशीवर मोजे घालून पाय घसरतो, म्हणून अनवाणीच. खडूने मोठं वर्तुळ काढलं की 'गोलात या' हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात नावांच्या हाकांनी, दोन-तीन मिनिटं. मग बसून ठेका. इथे एक छोटं बडबडगीत घेऊ:

थाप थाप भाकरी,
गोल गोल भाकरी,
तव्यावर टाक,
फुगली भाकरी!

प्रत्येक ओळीला चार ठोके आहेत: थाप, थाप, भाक, री. तिसऱ्या ओळीत तव्या, वर, टाक असे तीनच शब्द-ठोके येतात आणि चौथा मोकळा आहे. तिथे हात वर उचलून धरायचे. पहिल्यांदा सगळी मुलं त्या मोकळ्या जागी टाळी वाजवतील, वाजवू द्या. सोलापूरच्या घराघरांत ज्वारीची भाकरी थापण्याचा आवाज मुलांनी रोज ऐकलेला असतो, हाताची हालचालही पाहिलेली असते, म्हणून ही कृती वेगळी शिकवावी लागत नाही.

शिकवताना ओळ तोडून 'माझ्यामागून म्हणा' असं करू नका. ताईंनी पूर्ण बडबडगीत मांडीवर थाप देत तीनदा म्हणावी. मुलं नुसती बघतील. दुसऱ्या तासाला पुन्हा तसंच. तिसऱ्या तासाला शेवटचा शब्द 'भाकरी' गाळा आणि थांबा. तो शब्द मुलं भरतात, पुढच्या वेळी अर्धी ओळ भरतात. हात चालू झाले की तीन वर्षांच्या मुलाचं तोंड बंद होतं आणि तोंड चालू झालं की हात थांबतात. दोन्ही एकदम साधायला महिने लागतात, त्यात काही गैर नाही. तोवर गाणं ताईंचं, हालचाल मुलांची.

मग फिरण्याचा आणि थांबण्याचा खेळ. डफली चालू तर चालायचं, बंद झाली की पुतळा. तोंडाने 'थांबा' म्हणू नका. शांतता हीच खूण. सुरुवातीला लहान मुलाला थांबायला दोन-तीन सेकंद लागतात. चालू झालेली हालचाल रोखणं हे मेंदूसाठी ती सुरू करण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि पुढे शाळेत वाट पाहणं, बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं या सगळ्यात हेच कौशल्य लागतं. म्हणून या खेळात कुणालाही 'आउट' करू नये. जो उशिरा थांबतो त्यालाच सरावाची गरज सर्वांत जास्त, आणि आउट करून आपण नेमका त्यालाच कडेला बसवतो. पाच वर्षांच्या गटाला नियम उलटा करून द्या: डफली भरभर वाजली तर हळू चालायचं, हळू वाजली तर भरभर.

चालीसाठी केहरवा आणि दादरा हे दोनच ठेके पुरतात. केहरव्याच्या आठ मात्रांवर पावलं सरळ पडतात. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा झुलतात, त्यावर डोलणं आणि घोड्याची दुडकी चाल चांगली बसते. वरचं भाकरीचं बडबडगीत केहरव्यातलं.

इथपर्यंत पंधरा मिनिटं झाली की कापड काढा. या बाबतीत सोलापूर नशीबवान आहे. आठ मुलांनी एका मोठ्या चादरीच्या कडा धरल्या आणि चार ठोके वर, चार ठोके खाली अशी लाट केली, तर ठेका डोळ्यांना दिसतो. एकाने घाई केली की लाट मोडते, म्हणून मुलं आपोआप एकमेकांकडे बघू लागतात. पण सोलापुरी चादर जाड आणि वजनदार. तीन वर्षांच्या मुलांचे खांदे दोन मिनिटांत भरून येतात, तेव्हा लहान गटाला जुनी सुती साडी द्या. टेरीचा नॅपकिन उडवून झेलायला देऊ नका, तो जड असल्याने झटकन खाली येतो. ओढणीचा पातळ तुकडा तरंगत उतरतो, तेवढ्या वेळात मुलाची एक टाळी होते. मुलाला चादरीत बसवून झोका देणं अजिबात नको, हात सुटला तर डोकं फरशीवर आपटतं.

फुगडीबद्दलही सांगायला हवं. मनगट धरून जोरात ओढलं किंवा हात धरून गरगर फिरवलं तर चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल रडतं आणि हात वापरेनासं होतं. दोघांत एक नॅपकिन धरून गोल चाला, मजा तीच येते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने वारकऱ्यांची पावली मुलांनी पाहिलेली असते, तिची दोन पावलं पुढे, एक मागे अशी सोपी चाल पाच वर्षांच्या गटाला जमते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेनंतर मुलं नंदीध्वजाची, म्हणजे यात्रेतल्या उंच काठीची, नक्कल करतातच. चार्ट पेपरची उभी गुंडाळी दोन्ही हातांत ताठ धरून सावकाश चालायला द्या, तोल सांभाळायचा तो उत्तम सराव आहे.

वाद्यं शेवटी. आधी दिली तर उरलेला तास गोंगाटात जातो. वाटताना 'मांडीत झोपलंय' असा नियम ठेवा, ताईंनी हात वर केला की सगळ्यांचं वाद्य मांडीत. पोकळ प्लास्टिकच्या दोनशे मिलीच्या बाटलीत दोन चमचे ज्वारी घातली की खुळखुळा तयार. बाटली अर्ध्याहून जास्त भरली तर आवाजच होत नाही. झाकण गोंदाने चिकटवून वर टेप गुंडाळा. धान्याला कीड लागते, दर सत्राला बदला. यंत्रमागावर सूत संपून रिकामे झालेले कोन दोन हातांत घेऊन एकमेकांवर वाजवता येतात, फक्त आधी तंतू आणि धूळ पुसा, चिरलेली कड असेल तर तो कोन टाकून द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला धान्य भरलेलं काहीही नको, सुटे घुंगरूही नकोत. सव्वा इंचाहून लहान वस्तू घशात अडकू शकते. बटण सेलवर चालणारी गाणारी खेळणी गटाच्या टोपलीतून काढूनच टाका.

शेवटची तीन मिनिटं आडवं पडून ऐकायचं: पंखा, बाहेरची रिक्षा, शेजारच्या मागाचा खटखटाट. मुलं श्वास सावरतात आणि कान उघडतात.

टाळ्यांतून अक्षरओळख

ठेका धरता येऊ लागला की शब्दांवर टाळ्या घ्या. पुढे वाचन शिकताना शब्द आवाजांच्या तुकड्यांत फोडावा लागतो, त्याची ही तयारी. पण टाळी लिहिलेल्या अक्षरांवर पडते, ही चूक सर्रास दिसते. 'सोलापूर' लिहिताना अक्षरं चार, म्हणताना तुकडे तीन: सो, ला, पूर. टाळ्या तीनच. 'कमळ' लिहिताना तीन, म्हणताना क, मळ, म्हणजे दोन. 'चादर' दोन. 'भाकरी' म्हणताना भाक आणि री. ताईंनी आधी स्वतः हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणावा, हनुवटी जितक्यांदा खाली जाते तितक्या टाळ्या.

शहराच्या पूर्व भागात एकाच गटात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं असतात. नव्या मुलाला शब्द कळत नाहीत, ठेका कळतो. म्हणून पहिले दोन आठवडे अर्थ नसलेले बोल घ्या, ता ता धिन्ना असे. मग मोजणी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये: एक, दोन, तीन, चार; ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु; ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. घरची मोजणी वर्गात ऐकू आली की गप्प बसणारं मूल मोठ्याने मोजतं.

एखादं मूल कानावर हात ठेवून कोपऱ्यात जातं. त्याला ओढून गोलात आणू नका. दाराजवळ बसून पाहू द्या, हातात कापड द्या. अशी मुलं कित्येकदा वर्गात गप्प राहतात आणि घरी जाऊन संपूर्ण गाणं म्हणून दाखवतात. मागून नावाने हाक मारल्यावर किंवा डफलीच्या थापेला एखादं मूल वळतच नसेल, तर मात्र लिहून ठेवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं तेव्हा त्यांना दाखवा. तोवर थांबावंसं वाटत नसेल तर सरळ कानाच्या डॉक्टरांकडे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला लाकडी पाटावर बसवून पाटालाच ठोका दिला तर ठेका अंगाला कळतो.

आवाज किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे, आणि पत्र्याच्या खोलीत हलगी वाजली की ती फार मागे पडते. हलगी मैदानात, खोलीत डफली. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेलं ऐकू आलं पाहिजे. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी वाद्यं काढूच नका, कुजबुजत्या गाण्यांचा तास घ्या.

गॅदरिंगच्या तयारीने हा तास खाल्ला जातो याचं वाईट वाटतं. डिसेंबर लागला की सिनेमातलं एक गाणं महिनाभर स्पीकरवर वाजतं, उंचीप्रमाणे रांगा लागतात, आणि ज्याला स्टेप जमत नाही तो मागच्या रांगेत जातो. स्टेजवर जायचंच असेल तर वर्षभर घेतलेला थांबण्याचा खेळ किंवा चादरीची लाट तशीच पालकांना दाखवा. पालकांना ते आवडतं.

पालकांनी खासगी वर्ग निवडताना फार सोपं पाहावं. एका ताईंमागे किती मुलं आहेत, ताई स्वतः गातात की स्पीकर लावतात, मूल नुसतं बसून राहिलं तर त्याला चालतं का. 'बुद्धी वाढते' अशी जाहिरात असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते या समजाचं मूळ १९९३ च्या ज्या प्रयोगात आहे, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नव्हे, आणि आकृत्यांच्या एका चाचणीतला तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. आणि हा अर्धा तास म्हणजे दिवसभराचा व्यायाम नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० चांगली दमवणारी. अंगणात धावणं त्याला लागतंच.

मार्च संपता संपता तास सकाळी नऊच्या आत घ्या. पत्र्याखाली दहानंतर उड्या नकोत, तेव्हा मांडीवरचे ठेके आणि ऐकण्याचे खेळ वाढवा. पाणी तासाआधी आणि नंतर.

नोंदवहीत किती गाणी पाठ झाली हे लिहून फारसं काही कळत नाही. डफली थांबल्यावर कोण लगेच थांबतं, कोण मोकळा ठोका सोडतं, कोण दुसऱ्याच्या लयीत येतं, हे महिन्यातून एकदा टिपा. आणि दर तासाला एक नाव लिहा: आज कुणाच्या पावलांवर डफली वाजवली. दोन महिन्यांत गटातल्या प्रत्येकाचं नाव त्या पानावर आलेलं असावं. जे राहिलं असेल, पुढचा तास त्याच्या पावलांपासून सुरू करा.